तळ्याकाठची बंगली विकणे नाही

गेल्या एप्रिलमध्ये तळ्याकाठच्या आमच्या बंगलीवर गेले, तर फाटकावर पाटी: ‘विकणे आहे’. खाली धाकट्या भावाचा मोबाईल नंबर. वडिलांमागे बंगली आम्हा दोघांच्या नावावर होती, पण निवृत्त, एकटी बहीण सही करेलच असं तो धरून चालला असावा. मी पाटी उपटली, तिचे तुकडे चुलीत घातले आणि त्यावर चहा केला. मग त्याला फोन करून तसं सांगितलं.

ही बंगली कुण्या इंग्रज जंगलसाहेबाने उन्हाळ्यासाठी बांधलेली. दगडी भिंती, कौलं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा. लहानपणी मे महिना उजाडला की नागपूर सोडून आम्ही इथे यायचो. भाऊ पोहायला इथेच शिकला. आता माकडांनी कौलं सरकवली होती आणि मागच्या खोलीत वटवाघळं होती, हेही खरं.

रविवारी भाऊ गिऱ्हाईक घेऊन आला. त्या गृहस्थांना घर पाडून लग्नाचं लॉन करायचं होतं.

“ताई, काहून हट्ट करून राहिली तू?” भाऊ म्हणाला. “घर पडून राहिलं.”

“पडून राहिलं. पडलं नाही अजून.”

“मॅडम, समोरची एक भिंत ठेवतो ना आम्ही,” गिऱ्हाईक समजुतीने म्हणाले. “जुना लुक येते.”

“तुम्ही चहा घ्या,” मी म्हटलं. “सही मी देत नाही.”

ते चहा न घेताच गाडीत जाऊन बसले. भाऊ व्हरांड्याच्या पायरीवर टेकला. त्याच्या मुलीला बाहेर शिकायला जायचं होतं, ते मला ठाऊक होतं. तो काही लोभी नव्हता.

“माझ्या हिश्श्याचं काय मग?”

“धरमपेठचा माझा फ्लॅट तू घे. हे मले दे.”

तो पायरीवरून उठला. “येडी झाली का? इथं दवाखाना तरी आहे का? एकटी पडली-झडली तर?”

“दवाखान्याजवळ राहावं म्हणून का जगते माणूस?”

तो चिडूनच गेला. वहिनीचा फोन आला, ओळखीच्यांचे आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, या वयात असं कोणी करतं का. मी पावसाळ्याआधी कौलं बदलून घेतली, नागपूरचा फ्लॅट भावाच्या नावावर करून दिला, त्यानेही बंगलीतला हिस्सा सोडल्याची सही दिली आणि मी सामान इकडे आणलं.

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप भरला. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. भीती वाटली, नाही असं नाही. पण फोन उशाशी असून मी भावाला लावला नाही. तिसऱ्या दिवशी उठून पेज केली आणि व्हरांड्यात बसून खाल्ली. समोर तळं काठोकाठ भरलं होतं.

भाऊ अजून इकडे आलेला नाही. येईल तेव्हा येईल. अधूनमधून एखादी गाडी फाटकाशी थांबते, काच खाली होते आणि कोणीतरी भाव विचारतं. मी हातातलं काम न सोडता नाही म्हणते.