शेकरवर ठेवलेला फोन

थोरला भाऊ पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेला. वर्षभरात माझाही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. बोईसरचे डॉक्टर म्हणाले, "अजून काही बिघडलेलं नाही. रोज तासभर चाला, मीठ-तेल कमी करा."

बायकोने ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. ती किनाऱ्यावरच्या दांडी गावची, सुक्या बोंबलांवर वाढलेली. त्या दिवसापासून घरात सुकं शिजलं नाही. माहेरून आलेला जवळा शेजारी गेला. माझ्याबरोबर तीही अळणी जेवू लागली. "तुमच्यासमोर मी कशी खाऊ?" म्हणायची. माझ्याकडे तिने एकच मागितलं, फोनवर रोज आठ हजार पावलं.

चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी कंटाळा आला.

तारापूरच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये मी नमुने तपासतो. तिथे बाटल्या एकसारख्या हलवत ठेवायचं यंत्र असतं, शेकर. वेग माणसाच्या भरभर चालीएवढा. एकदा सहज फोन त्यावर ठेवला, तर पावलं मोजली जाऊ लागली. मग ते रोजचंच झालं. फोन बाटल्यांमध्ये चालायचा आणि मी गेटबाहेर वडापाव खायचो. नमुने घेऊन येणारा ऑपरेटर म्हणायचा, "साहब, आपका मोबाइल तो एकदम फिट हो गया!" मीही हसायचो.

संध्याकाळी ती आधी फोन बघायची. "अवो, आज तर नऊ हजार! पाय दुखत असतील." मग तेलाची वाटी घेऊन पाय चोळायला बसायची. मी पाय पुढे करायचो. एकदा-दोनदा नाही, कितीतरी वेळा. हे आजवर मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आले ते आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी विचारलं, "चालता ना?" मी तोंड उघडायच्या आत तिने फोन पुढे केला. रविवार सोडले तर एकही खाडा नाही.

डॉक्टर बघत राहिले. "चालणं तर छान आहे. मग खाण्यात चुकतंय. स्वयंपाक कोण करतं?"

"मीच," ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. 

परतताना रिक्षात ती म्हणाली, "भाजीला चमचाभर तेल घालते, ते पन बंद करते आता. माझ्याच हातात काय तरी खोट हाय." आणि पदराने डोळे पुसले.

तेव्हा सांगितलं. शेकर, वडापाव, सगळं. तिच्याकडे न बघता.

"दादा, थांबवा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. उतरली आणि चालू लागली. मी मागे. टँकर अंगाला घासून जात होते. ती पदर सावरायलाही थांबली नाही. आमचं कुंभवली गाव येईतो मला धाप लागली होती, पण तिला थांब म्हणायला तोंड नव्हतं.

फोन तिच्याच हातात राहिला होता. दारात तिने आकडा पाहिला आणि माझ्यासमोर धरला.

"ही पावलं माझी हायत," ती म्हणाली. "तुमचं अजून एक पन नाय."

आता रोज सकाळी तिच्यामागून चालतो. फोन तिच्याकडेच असतो. हल्ली पाय खरोखरच दुखतात. सांगत नाही.