काचेमागे दोन मिनिटं

बायको आधीच वारली होती. मुलगी कॅनडाला गेल्यावर भद्रावतीच्या क्वार्टरमध्ये मी एकटाच उरलो. एका सकाळी तिने व्हिडिओ कॉलवर तिथला बर्फावरच्या हॉकीचा सामना दाखवला.

"बाबा, गोलकीपर धरून एका बाजूले सहा जण. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडू नाई, रबराची चकती. पहिले लोक गोठलेल्या तळ्यावर खेळत, मग छताखाली आले."

एकाने दुसऱ्याला काठीने पाडलं. शिक्षा म्हणून त्याला दोन मिनिटं काचेमागे बसवलं.

"त्याच्याशी कोणी बोलत नाई काय?" मी विचारलं.

तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. म्हणाली, "बाबा, तुमी बरोबर जेवता ना?"

मी हो म्हटलं. कालपासून गॅस पेटवला नव्हता. सामना संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.