रंकाळ्याकडे पाठ

विजयसिंह इंगवले यांच्याविषयी चार ओळी लिहा, असं रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी दोनदा नको म्हणालो. एक तर मला लिहायची सवय नाही. शिवाय अकरा वर्षं एकाच कठड्यावर शेजारी बसूनही हा माणूस मला फारसा ठाऊक नव्हता. त्यांना दोन मुलगे होते, हे मला त्यांच्या दहाव्याला कळलं. मी एकच धरून चाललो होतो.

ठाऊक होतं ते एवढंच. ते तळ्याला अर्धी फेरी मारायचे, पूर्ण मारली म्हणून सांगायचे आणि पाण्याकडे पाठ करून बसायचे. तोंड रस्त्याकडे असलं की ओळखीची माणसं दिसतात, हे त्याचं कारण. कोल्हापूरबद्दल त्यांना विचारावं लागत नसे. ते आपणहून सांगत.

गेल्या दिवाळीत त्यांची नऊ वर्षांची नात राजनंदिनी बेंगळुरूहून आली. आजोबांच्या गावच्या निसर्गाबद्दल तिला शाळेसाठी वही करायची होती. इंगवले तिला रंकाळ्यावर घेऊन आले आणि म्हणाले, “हा आमचा समुद्र. म्हणून तर इथं चौपाटी म्हणत्यात.”

“आजोबा, समुद्राला समोरचा काठ दिसत नाही.”

मग तिनं एक पक्षी दाखवला. “पाणकोंबडी,” इंगवले म्हणाले. दुसराही पाणकोंबडी, तिसराही. शेवटी तिनं म्हशीच्या पाठीवरचा बगळा दाखवला.

“ही पण पाणकोंबडीच?”

“व्हय. पांढरी.”

तिनं वहीत लिहिलं, ‘आजोबांना माहीत नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारणे.’ आणि ते त्यांना वाचूनही दाखवलं.

हे मला सांगताना इंगवल्यांचा चेहरा निवडणुकीत पडलेल्या माणसासारखा झाला होता. “मे महिन्यात येणार हाय ती. त्याच्या आत ती ओळ खोडून घ्यायची, भाऊसो.”

मी चौतीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. समोरच्या पाण्यातले बहुतेक पक्षी मला नावानं ठाऊक होते. पण त्यांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलणं मला जमत नाही.

इंगवल्यांनी वेगळाच मार्ग काढला. “गावातल्या माणसाला कोण काय दाखवतंय? पावण्याला सगळं दाखवत्यात,” असं म्हणून ते आपल्याच गावात पावणे व्हायला निघाले. एका सकाळी पाठीला पिशवी, डोक्याला टोपी आणि डोळ्यांना काळा चष्मा लावून ते बसनं शाहूपुरीत स्टेशनवर गेले आणि तिथं रिक्षा केली. रिक्षावाला सूरज आमच्याच गल्लीतला निघाला नाही, एवढंच त्यांचं नशीब. पुढची हकीकत मला त्यानंच नंतर सांगितली.

“मला या शहराचा निसर्ग बघायचा आहे,” इंगवले पुणेरी वळणानं म्हणाले.

“बघू की. पर पावणं, उपाशीपोटी?”

पावण्याला आधी खाऊ घालायचं, मग बोलायचं, हा आमच्याकडचा कायदा इंगवले विसरले होते. सूरजनं त्यांना मिसळ खायला घातली, वर दोनदा कट वाढायला लावला. पंचगंगेकडे निघाले, तर वाटेत सूरजच्या मावशीचं घर लागलं. तिथं तांबडा-पांढरा रस्सा झाला. जेवल्यावर पावण्यानं आडवं व्हायचं असतं, म्हणून ते आडवे झाले. नदी राहिली. संध्याकाळी सूरजनं त्यांना गंगावेशीला दूध प्यायला नेलं. तिथं म्हशीची धार काढणाऱ्या जोतीरामनं मान वर करून विचारलं, “काय इंगवले, आज चष्मा कशापायी?”

सूरज पोट धरून हसला. पण पावणेपण उघडं पडलं, तरी पाहुणचार थांबला नाही. शेवटी दोघं रंकाळ्यावर आले आणि पाण्याकडे पाठ करून भेळ खात बसले. मागं फडफड झाली. इंगवल्यांनी आशेनं विचारलं, “तो कुठला पक्षी म्हणायचा?”

सूरजनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. “पाणकोंबडी.”

त्यानंतर आठवडाभर इंगवले गप्प होते. कोल्हापुरात याला आजारपण समजतात. मग एका सकाळी ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, “भाऊसो, आपल्या मागं ते काय पोहतंय?”

“हळदीकुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके आहेत, बघा.”

अकरा वर्षांत त्या कठड्यावर बसून ते पहिल्यांदाच पाण्याकडे वळले. बराच वेळ पाहत राहिले. “आणि हे रोज इथं असतंय?”

“रोज.”

मे महिन्यापर्यंत त्यांची नऊ नावं पाठ झाली. राजनंदिनी आली, तिनं ती एकेक करून मोबाइलवर तपासली आणि वहीतली ती ओळ पट्टी लावून खोडली. दुसऱ्या दिवसापासून इंगवले सगळ्या मंडळींना सांगू लागले, “पक्ष्यांची आवड मला ल्हानपणापासनंच.” माझं नाव त्यात कुठं आलं नाही. मीही सांगितलं नाही. मात्र बसताना आता ते पाण्याकडे तोंड करून बसत. ओळखीची माणसं मागून हाका मारत जात आणि हे वळत नसत.

आषाढात ते गेले. आदल्या सकाळी पावसानं उघडीप दिली होती, म्हणून नेहमीसारखेच बसलो होतो. एक काळा पक्षी खांबावर पंख पसरून उन्हात वाळत होता. त्यांनी हळूच विचारलं, “तो कुठला?”

“पाणकावळा.”

“व्हय,” ते म्हणाले, “मला ठाऊक हाय.”