एका मालकाच्या दोन कंपन्या

कोर्टाच्या व्हरांड्यात कामगारांचा वकील अनिमेषनं खणखणीत आवाजात विचारलं, "कलावती मावशी आल्या का साक्षीला?" आणि मागं कंपनीचा मॅनेजरच उभा! अनिमेषचं तोंड बनवताना देव कडी बसवायला विसरला होता.

कामगारांना भरपाई द्या, असा हुकूम होताच सिलतऱ्याच्या कारखान्याच्या मालकानं जुनी कंपनी रिकामी केली आणि त्याच शेडात नवी काढली. आता ती भरपाई नव्या कंपनीनं द्यावी, असा दावा होता. दोन्ही कंपन्या एकच, हे कँटीनच्या कलावतीइतकं कोणाला ठाऊक? पाटी बदलली त्या दुपारीही तेच साहेब जेवायला आले, भाजी तिखट म्हणून कुरकुरले. पण कलावती अजून तिथंच नोकरीला होती.

मॅनेजर जवळ येऊन गोड हसला. "क्या दीदी, कल ड्यूटी पर आ रही हो ना?"

बाकावर बसलेल्या कलावतीनं हातातल्या समन्सची घडी घातली. त्यातली धमकी अनिमेषला कळली. हिची नोकरी गेली तर आपल्यामुळं.

"मावशी, चुकलो मी. तुमचं नाव काढून टाकू का?"

तेवढ्यात पुकारा झाला. कपाळावरचा घाम पदरानं पुसत ती उठली.

"नाव राहू दे, तू फक्त तुयं तोंड बंद ठेव."