जांभ्याच्या वहीत नसलेली पोळी

हे मी वनिताला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, जनावरांच्या डॉक्टरांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. रिसोडला माझी लॅब आहे — रक्त, लघवी, मल तपासण्याची. गाव मला हिशेबी, कडक आणि जरा तोंडाळ माणूस म्हणून ओळखतं. कुणी दुकानाला लिंबू-मिरची बांधली की त्याची टर उडवणारा तो मीच.

रागीटही आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर फेकलेलं साऱ्या गल्लीने ऐकलंय. पण राग ही माझी कबुली नाही. रागाच्या आड जे दडवलं, ते सांगायचंय — आणि तिथवर पोचायला मला जरा वेळ लागणार आहे.

जांभ्या आमच्याकडे आला तेव्हा दीड महिन्याचा होता. रिठदला एकाच्या गोठ्यात कुत्री व्याली होती, पाच पिल्लं होती. मी त्यातलं सगळ्यांत काळं उचललं — नखापर्यंत काळं. माझ्या मुलीला, श्रेयाला वाटलं पप्पांनी तिच्यासाठीच आणलं. मी तिला तसं वाटू दिलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याचं पोट सुटलं. आम्ही सगळ्यांसारखे वाटीभर दूध पाजत होतो. डॉक्टरांनी दूध तोडलं. मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेला लाल भोपळा, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, उकळून गार केलेलं पाणी, तेल-तूप-मसाला वर्ज्य. मी वही घातली. किती वाजता काय दिलं, किती खाल्लं, शी कशी झाली — सगळं तारीख टाकून. नमुना लॅबमध्ये नेऊन काचपट्टीवर स्वतः पाहायचो. जंत नव्हते. तरी चार-पाच दिवस पोट नीट राहायचं आणि पुन्हा बिघडायचं. आव, फेस, एकदा तर रक्ताची रेघ.

डॉक्टर माझी वही चाळायचे आणि कोड्यात पडायचे. भोपळा बंद करून पाहिला. मूग बंद केला. शेवटी नुसती पेज. पिल्लू सुकत गेलं, फासळ्या मोजता येऊ लागल्या. आणि मी? मी चिडत गेलो. जबडा दाबून सिरिंजने मीठ-साखरेचं पाणी त्याच्या घशात सोडायचो, ते गुदमरायचं, मी आणखी दाबायचो. एकदा त्याने माझ्या पायावरच ओकलं, तेव्हा मी त्याला लाथ मारली. दाराच्या चौकटीवर आपटलं ते. ओरडलंही नाही — नुसतं बघत राहिलं. तेवढ्यानेही माझं भागलं नाही. मी वहाण फेकून मारली.

वही खोटी होती हो. एवढं आत्ताच सांगून टाकतो. बाकीचं पुढे.

माझे वडील तेव्हा आमच्याकडे होते. केनवडला त्यांनी चाळीस वर्षं शिलाईकाम केलं; आई गेल्यावर मी त्यांना रिसोडला आणलं. थोडं विसरायला लागले होते. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचे. दिवसभर ओट्यावर बसायचे आणि जांभ्या त्यांच्या धोतरावर झोपायचा. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून रोज सकाळी तिळाचं तेल चोळायचे. बाटली त्यांच्या खोलीच्या खिडकीत असायची.

तो शनिवार होता. दुपारी मी जेवायला घरी आलो. श्रेयाने पिल्लू उचललं, तोंड जवळ नेलं आणि म्हणाली, “पप्पा, याच्या तोंडाले तेलाचा वास येऊन राह्यला.” वनिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं दोघींना पाठ होतं. तेल कुणी दिलं?

  मी बाबांकडे पाहिलं.

मग मी त्यांना मारलं. जपून सांगायचं तर ‘हात उगारला’ म्हणता येतं — नाही, मारलं. ओट्यावरून दंडाला धरून उठवलं, त्यांचे हात माझ्या नाकाशी आणले, तेलाचा वास आलाच. “किती खेपा सांगितलं तुमाले?” म्हणून थोबाडीत दिली. चष्मा उडाला. दुसरी दिली. ते तोल जाऊन दाराच्या कडीवर आदळले आणि भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. मी तरीही त्यांची बंडी धरून हलवत होतो. त्या क्षणी मला बरं वाटत होतं. खरं तेच सांगतो — बरं वाटत होतं. जितकं मी त्यांना बडवीन तितकं ते त्यांनीच केलेलं ठरत होतं.

बाबांनी हात आडवा धरला नाही. आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या, त्यातून रक्त. मग हळूच म्हणाले, “मी देल्लं असन, बापा. मले आठोत नाही. पन मीच देल्लं असन.”

आता सांगतो. पोळी मी देत होतो.

वनिताचा दुसरा गर्भ पाचव्या महिन्यात पडला होता. त्याच वर्षी माझा अपघात झाला. कुणालाही न सांगता मी परगावच्या एका ज्योतिषाकडे गेलो — मी, टर उडवणारा. साडेसाती आहे, म्हणाला. एकवीस शनिवार, खंड न पाडता, काळ्या कुत्र्याला तेलात भिजवलेली पोळी. रिसोडात काळी कुत्री काय कमी आहेत? पण भर चौकात तेलपोळी धरून उभा राहिलो असतो तर लोक काय म्हणाले असते? म्हणून मी काळं कुत्रंच घरात आणलं. पोळी माझ्या न्याहारीच्या डब्यातली. तेल बाबांच्या बाटलीतलं. शनिवारी सकाळी फिरवायला म्हणून मागच्या गल्लीत न्यायचो आणि तेलाने निथळणारी पोळी त्या मूठभर पोटात घालायचो. मग घरी येऊन साबणाने हात धुवायचो आणि वहीत लिहायचो — सकाळी सात, पेज, अर्धी वाटी.

मला कळत नव्हतं असं समजू नका. मल तपासणारा माणूस मी. चौथ्या शनिवारीच कळलं होतं. पोट रविवारीच बिघडायचं, आणि नेमकी आदल्या शनिवारची पोळी मी वहीत झाकून ठेवत होतो. तरी दिली. बाबांना मारलं तो चौदावा शनिवार होता.

भुवईला तीन टाके पडले. दवाखान्यात बाबांनीच सांगितलं की पाय घसरला. दुसऱ्या दिवशी जांभ्याला ठरल्याप्रमाणे जुलाब झाले, आणि बाबा त्याच्याकडे बघून रडले. पुढच्या शुक्रवारी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मले बाहेरून कडी लावत जाय. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला.”

इथे मला बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. चारच शब्द लागले असते — बाबा, पोळी मी दिली.

मी कडी लावली.

आणि त्या शनिवारपासून जांभ्याला पोळी देणं थांबवलं. का? बाबा कोंडलेले असताना त्याचं पोट बिघडलं असतं, तर सगळे माझ्याकडे वळले असते. उरलेल्या सात पोळ्या केनवड रस्त्यावर, हेल्मेट न काढता, फाट्यावरच्या एका मोठ्या काळ्या कुत्र्याला टाकल्या. त्याला काही झालं नाही. इकडे पंधरा दिवसांत जांभ्या बांधून शी करू लागला, भात-भोपळा पचवू लागला, अंगावर मांस धरलं. डॉक्टर म्हणाले, सापडलं शेवटी कारण. वनिता म्हणाली, बिचारे बाबा. श्रेया मात्र आजोबांशी कितीतरी दिवस बोलली नाही. बाबा बरे झालेल्या पिल्लाकडे खिडकीच्या गजांतून बघायचे. त्याची तब्येत सुधारली हाच त्यांच्या गुन्ह्याचा पुरावा झाला होता, आणि तो मी तयार केला होता.

आता जांभ्या चार वर्षांचा धिप्पाड कुत्रा आहे. बाबांना माझं नाव आठवत नाही. मला ते दवाखान्यातला माणूस समजतात. केनवडचं घर गेलं, आईचं नाव गेलं, शिवणयंत्रही गेलं. पण कुत्रा जवळ आला की दोन्ही हात काखेत दाबून धरतात. परवा वनिताचा भाऊ आला होता. त्याने कौतुकाने जांभ्याला बाबांपाशी नेलं, तर ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, “त्याले माह्याजवळ नोको आनू. मी त्याले चारून चारून मारत होतो.”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, खरं आहे ते.