तिसऱ्या खेपेची सुपं

नवे पैसे निघाले त्या वर्षीच्या वैशाखात बोरवाडीची रंगू लग्न होऊन सावरकोंडात आली. बोरवाडी डोंगरापलीकडे, सावरकोंड अलीकडे, आणि दोन्हीकडच्या माणसांचा बाजार एकच, म्हसळ्याचा. तेव्हा पोरगी काही परमुलखात पडली नव्हती. पडली ती आवडाबाईच्या हातात.

आवडाबाई म्हणजे रंगूची सासू. नवरा मागेच वारलेला, दोन मुलगे, आणि जीभ अशी की तिच्या अंगणातून कोणी हसल्याशिवाय परत जायचा नाही. ज्याच्यावर ती बोलायची तोही आधी सगळ्यांबरोबर हसून घ्यायचा आणि मग घरी जाऊन गप्प बसायचा. लग्नाच्या पंगतीतच तिनं सुरुवात केली. रंगूचा बाप भागोजी पाठीतून वाकलेला. तो पत्रावळीशी येऊन टेकला तशी आवडाबाई म्हणाली, "व्याही बसलेत का अजून उभेच हायत? सांगा बाबा कोनीतरी, भात वाढायचा हाय." मांडव हसला, भागोजी हसला. मुंडावळ्यांच्या आड रंगूही हसली. ते हसू पुढे बरीच वर्षं तिच्या घशात अडकून राहिलं.

आता ओवशाचं सांगायला हवं, कारण रंगूचा सगळा जीव त्यातच गुंतला होता. त्या भागात लग्न झालेली सून गौरीला ओवसते. माहेरून नवी कोरी सुपं येतात, त्यांना सूत गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं, आत नारळ, काकडी, पानसुपारी घालायची आणि ते सूप दोन्ही हातांनी गौरीपुढे ओवाळायचं. तिथून पुढे ती घरची. तोवर नवीच. गौरीला हात लावायचा नाही, तिच्या नैवेद्याच्या चुलीपाशी बसायचं नाही, मग पदरात दोन पोरं का असेनात. आणि हा पहिला ओवसा हवा तेव्हा होत नाही. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौर आली तरच. एखाद्या वर्षी येते, मग दोन-दोन वर्षं येत नाही.

रंगूचं नशीब असं की पहिल्याच वर्षी पूर्वा लागली. भागोजी म्हसळ्याहून सुपं घेऊन डोंगर उतरून आला. आणि गौर यायच्या सकाळीच आवडाबाईचा चुलतदीर गेला. घराला सुतक लागलं आणि गौर शेजारच्या कोंडाला, म्हणजे पलीकडच्या वाडीत, बसवायला गेली.

रंगूनं सुपं माळ्यावर झाकून ठेवली. दिवाळीच्या आधी भात झोडून खळ्यावर पडलं तेव्हा बघते तर सासू त्यातलंच एक सूप घेऊन पाखडायला बसलेली.

"आत्ये, ती ओवशाची हायत."

"ओवसलीस का तू?"

"न्हाय."

"मग ओवशाची कशी झाली? बांबूच तो. आन तुज्या बापाचा बांबू, आधीच वाकलेला."

खळ्यावरच्या बाया पोट धरून हसल्या.

रंगूचा नवरा येसाजी मुंबईला गिरणीत होता. गावच्या पंधरावीस गड्यांबरोबर एका खोलीत झोपायचा, आणि शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. संसार असा सणासणानं चालायचा. येताना तो आईला तपकीर, बायकोला बांगड्या आणायचा. आल्या दिवशी ओटीवर बसून मुंबईच्या गोष्टी सांगायचा आणि जायच्या दिवशी रंगूशी बोलायला शोधत फिरायचा. माणूस वाईट नव्हता. आईपुढे मात्र त्याच्या तोंडात मिठाची गुळणी असायची. रंगूनं सुपांचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "आयेच्या तोंडाला काय लागायचं? पुढच्या पूर्वेला आनतील की तुजी मान्सं दुसरी."

पुढची पूर्वा लागली तेव्हा रंगू दिवस भरलेली होती. भागोजी पुन्हा सुपं घेऊन आला. गौर दारात, पोरी तेरड्याच्या जुड्या घेऊन गाणी म्हणत उभ्या, आणि आत रंगूला कळा लागल्या. मुलगी झाली. म्हणजे सोयर. गौर पुन्हा शेजारी गेली.

आवडाबाईनं नात हातात घेतली, उजेडाला धरली. "दुसरा दिस मिळाला न्हाय गं तुला? आयशीचा ओवसा खाऊन आलीस." पोर सुपात घालायची रीत, तर तिनं त्या नव्या सुपांतलंच एक ओढलं आणि त्यात नातीला निजवलं. "बगा, लागलं का न्हाय कामाला?" बाकीची कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. बारशाला पोरीचं नाव केसर ठेवलं, पण आजी तिला ओवसाखाऊच म्हणायची. पोरगी रांगायला लागली, चालायला लागली, तिचं जावळ काढलं, आणि बोलायला लागली तशी कोणी नाव विचारलं की स्वतःच सांगायची, "ओवसाखाऊ." अख्खा कोंड तिला मुद्दाम विचारायचा.

मग दोन वर्षं पूर्वा नाही. तिसऱ्या वर्षी आली, आणि त्याच वैशाखात आवडाबाईच्या धाकट्याचं लग्न झालेलं. धाकटी सून तुळशी, मुंबईच्या एका गिरणीतल्या मुकादमाची लेक, आंदणात शिलाईचं मशीन आणलेली. तिचा ओवसा थाटात करायचा आवडाबाईनं चंगच बांधला. अडचण एकच. थोरलीचा राहिला असेल तर धाकटीचा होत नाही.

तेव्हापासून आवडाबाई रंगूशी इतकी गोड वागायला लागली की रंगूला भीती वाटली. तिनं स्वतः बोरवाडीला निरोप धाडला, सुपं बेगीनं आणा, मागाहून बाजारात धड मिळत न्हायत.

गणपतीच्या आधीच भागोजी आला. पाऊस असा की डोंगर दिसत नव्हता. अंगावर घ्यायचं इरलं त्यानं सुपांवर बांधलं होतं आणि स्वतः उघडा भिजत आला होता. सुपं कोरडी ठणठणीत, म्हाताऱ्याचे दात वाजत होते.

"व्याही वाकलेत त्येच बरं," आवडाबाई म्हणाली. "सुपांना दोन-दोन छपरं झाली."

भागोजी हसला. चुलीशी शेकायला बसला, केसरला मांडीवर घेतलं. जाताना गोठ्यापाशी रंगूला म्हणाला, "या खेपेला दाव बाय सुपांस्नी गौर. चौथ्यांदा ह्यो डोंगर माज्याच्यानं न्हाय व्हायचा."

गौर आली. ओवशाच्या सकाळी रंगू वहाळावर केळीची पानं धूत होती. पलीकडच्या काठानं कोणीतरी खाली मान घालून झपाझप चाललेलं दिसलं. बोरवाडीचा बाळाजी, तिच्या भावकीतला.

"बाळाजीदादा, माज्या दारावरनं पाठ फिरवून कुठं रे? ओवसा हाय आज. जेवून जा."

बाळाजी थांबला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. "च्या घेतला तुज्याकडं. आत्याबायनं दिला."

"मग?"

"मग काय न्हाय. उद्या संध्याकाळी येतो."

"उद्या काय हाय?"

तो पाण्याकडे बघत राहिला. रंगू पानं तशीच टाकून वहाळात उतरली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग तो बोलला. सुपं देऊन गेल्यापासून भागोजी तापानं फणफणला होता. पहाटे गेला. बाबाजी, म्हणजे रंगूचा भाऊ, तिच्यासाठी प्रेत थांबवून बसला होता. बाळाजी तेच सांगायला आला होता, तर आवडाबाईनं त्याला ओटीवरच अडवलं. च्या दिला आणि सांगितलं, लेकीला बापाचं सुतक असतं, पण कानावर पडलं तरच. पडलं न्हाय तर न्हाय. उद्या ये. तुमी तुमचं उरका.

"बाबाजीला काय सांगू?" त्यानं विचारलं. "चल लगोलग. दुपारपावतर पोचू."

रंगू वहाळात गुडघाभर पाण्यात उभी होती. बापाचं तोंड बघायचं तर आत्ता निघायला हवं. निघालं की सुतक, आणि सुतक लागलं की सुपं माळ्यावर. पहिल्या खेपेची पाखडायला गेली, दुसऱ्या खेपेची खुराड्यावर. चौथी खेप घालायला आता कोणी नव्हतं.

"मी तुला भेटलेच न्हाय," ती म्हणाली. "जा तू."

"रंगू, बाप हाय तो."

"जा म्हन्ते ना."

तो गेला. वाहून चाललेली पानं तिनं गोळा केली, पुन्हा धुतली, तोंडावर पाणी मारलं आणि घरी आली.

"एवढा येळ?" आवडाबाई म्हणाली.

"पानांना चिखल व्हता, आत्ये."

"ये, बस. वेनी घालते तुजी." लग्न झाल्यापासून सासूचा हात तिच्या केसांना लागला नव्हता. आवडाबाईनं तेल लावलं, फणी हळू फिरवली, अबोलीचा वळेसर माळला. मधेच मऊ आवाजात विचारलं, "बाप बरा हाय ना गं तुजा?"

फणी केसांतच थांबली होती. रंगू म्हणाली, "बराच असेल की. न्हायतर तुमास्नी आधी कळलं असतं."

फणी पुन्हा चालू झाली.

दुपारी बाया जमल्या, ओटी भरून गेली. आधी थोरलीचा मान. रंगूनं सूप उचललं. शेजारच्या मनुबाईनं रीतीप्रमाणे विचारलं, "कुनाची सुपं?"

"बोरवाडीच्या भागोजीची."

"कोन घेऊन आलं?"

"त्योच."

"मग आज का न्हाय आला? लेकीचा ओवसा बगाया नको?"

आवडाबाई घाईनं म्हणाली, "रोज रोज काय डोंगर चढवता म्हाताऱ्याला? यील उद्या."

"न्हाय यायचा," रंगू म्हणाली आणि सासूकडे बघून हसली. "कंबर धरलीया त्याची. उभा हाय का बसलाय, त्येच कळत न्हाय म्हनं."

सगळ्या जणी हसल्या. हा आवडाबाईचाच विनोद, पण आवडाबाईला हसायला थोडा उशीर झाला. रंगूनं एकेक सूप उचललं, गौरीच्या तोंडापुढे नेलं, ओवाळलं. बाया म्हणाल्या, इतका देखणा ओवसा बघितला नव्हता. मग फेर धरला तेव्हा रंगू सगळ्यांच्या पुढे. येसाजी दारात उभा राहून खुशीत बघत होता. त्या वेळी बोरवाडीच्या मसणवटीत बाबाजी ओल्या लाकडांवर रॉकेल ओतत होता.

त्यानंतर तुळशीचा ओवसा झाला. मुकादमानं पाठवलेल्या सुपांत सफरचंदं होती. कोंडानं सफरचंद पहिल्यांदाच बघितलं, आणि रंगूची काकडी विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी गौर बोळवली. संध्याकाळी आवडाबाई डोळ्यांना पदर लावून रंगूपाशी येऊन बसली. "बाय माजी, कसं सांगू तुला."

"नका सांगू. ठाऊक हाय."

पदर डोळ्यांवरून खाली आला. "कवापास्नं?"

"बाळाजीच्या घशाखाली तुमचा च्या गेला तवापास्नं."

आवडाबाई हिशेब लावत बसली. मग तिचा आवाज बदलला. "म्हंजे ऐकून हात लावलास. मी लपवलं, माजं मी भरीन. पर मी न्हाय सांगितलं म्हनून तुला सुतक न्हवतं. तू ऐकलंस. सुतकी हातानं गौर बाटवलीस. बाप जळत व्हता आन फेर धरलास. मी कितीबी वाईट असले तरी एवढी न्हाय गं."

"मग सांगा कोंडाला," रंगू म्हणाली. "माजा ओवसा बाटला तर त्यामागचा धाकटीचाबी बाटला. मुकादमालाबी कळवा."

आवडाबाई उठली ती घागर उचलून थेट विहिरीवर पाण्याला गेली. त्या दोघींनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. येसाजीला म्हातारा गौर बोळवल्यानंतर गेला असंच कळलं. एरवी आवडाबाई कोणाच्याही चुलीतलं काढून गावभर करायची. आता घरात रंगू समोर आली की तिचं तोंड मिटायचं. केसरला ओवसाखाऊ म्हणणं बंद झालं. गावातल्या बाया म्हणायच्या, ओवशानंतर सासूसुनांचं काय गूळपीठ जमलंय.

ओवशाचं एक सूप बापाच्या वाट्याचं असतं. ते देणं राहिलं होतं. येसाजी मुंबईला निघाला तेव्हा रंगूनं ते सूप, नारळ-काकडीसकट, म्हसळ्याच्या बाजारात बोरवाडीच्या माणसाकडे द्यायला सांगितलं. पुढच्या बाजाराला ते परत आलं. बाबाजीनं आतल्या वस्तूला हात लावला नव्हता. काकडी सडून सुपाला चिकटली होती. आणणाऱ्यानं निरोपही आणला होता. बाळाजीनं बाबाजीपुढे सगळं ओकून टाकलं होतं. "बाप जळताना बहीन नाचत व्हती. आता तिला म्हनावं डोंगर उतरू नको. बोरवाडीत तिचं कोन न्हाय."

रंगूनं काकडी खरवडून काढली आणि सूप माळ्यावर ठेवलं. नारळ तिथंच ठेवला.

भात झोडून खळ्यावर आलं. आवडाबाई म्हणाली, "सूप आन गं एकांदं." घरातली जुनी सुपं कोपऱ्यात होती. रंगू माळ्यावर चढली आणि ते परत आलेलं सूप खाली घेऊन आली. सूत अजून गुंडाळलेलं होतं, हळदीचे डाग होते. आवडाबाईनं ते ओळखलं.

"दुसरं घे की," ती म्हणाली. "ते ओवशाचं हाय."

"बांबूच तो," रंगू म्हणाली. तिनं दातांनी सूत तोडलं, थुंकलं आणि खळ्यावर बसून पाखडायला लागली. सूप नवं, कोंडा चांगला उडत होता. वाऱ्यानं तो सरळ आवडाबाईच्या अंगावर जात होता, तिच्या केसांत, डोळ्यांत.

"तोंड फिरव तिकडं. माज्यावर येतंय सगळं."

रंगूनं तोंड फिरवलं नाही. आवडाबाईही जागची उठली नाही. खळ्यावर भाताचा ढीग मोठा होता आणि तो संपेपर्यंत दोघी तशाच समोरासमोर बसल्या होत्या.