भावोजींचा मासा

माझ्या बहिणीच्या घराच्या दारावर पितळेची पाटी होती. तिच्यावर भावोजींचं नाव, त्याखाली पदव्या, त्याखाली 'मत्स्यशास्त्रज्ञ', आणि पोस्टमनला शंका राहू नये म्हणून की काय, सगळ्यात खाली एक कोरलेला मासा. माझी ताई शाळेत गणित शिकवते. वर्गाबाहेरच्या पोरांनासुद्धा तिचा धाक आहे, पण स्वतःच्या दारावर तिचा कुठे मागमूस नव्हता. एकदा तिने विषय काढला तेव्हा भावोजी पाटीकडे बघत म्हणाले होते, "जागा कुठे आहे?" तो मासा काढला असता तर जागाच जागा होती, पण ते त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मी भावोजींच्याच संस्थेत काम करते. जनुकांची अक्षरं वाचणारं यंत्र माझ्या ताब्यात असतं. त्यामुळे त्यांचा घरचा तोरा आणि ऑफिसातला तोरा, दोन्ही मला बघावे लागतात. घरात ते शास्त्रज्ञ असतात आणि संस्थेत घरंदाज. गोड्या पाण्यातल्या माशाची एक तरी नवी जात शोधायची, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. दर वर्षी ते कुठल्यातरी ओढ्यातून मासा आणायचे, छाती फुगवून सांगायचे, "लवकरच कळेल." कळायचं ते हे, की तो मासा आधीच कुणीतरी शोधून, मोजून, चित्र काढून मोकळा झालेला आहे. संस्थेत त्यांना पाठीमागे 'लवकरच' म्हणतात. त्यांना ते माहीत नाही, आणि सांगायला मी मूर्ख नाही.

या ध्यासाचा सगळा भार ताईने उचलला. शाळेच्या सुट्ट्या म्हणजे बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात जाळ्याचं दुसरं टोक धरून उभं राहणं. बाथरूममधला मोठा टब म्हणजे माशांचं पाहुणेघर. अंघोळ कोपऱ्यात बादली घेऊन उरकायची. पडद्यांना वास, उशांना वास. ताईने यावर कधी आकांडतांडव केलं नाही, कारण भावोजींनी तिला एक शब्द दिला होता. आईच्या देखत, जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, "पहिली नवी जात सापडली की तिला हिचं नाव."

आता भावोजींच्या शब्दाची किंमत ताईला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी हा एक शब्द तिने मनात धरून ठेवला. एकदा भांडी विसळताना मला म्हणाली, "लॅटिनमध्ये माझं नाव कसं होईल गं?" मी तिच्या नावाला जे काय शेपूट लागतं ते लावून सांगितलं. तिने ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं आणि नळ बंद करायला विसरली. तेव्हा मला कळलं की हे हिच्या किती आत गेलंय. भावोजींचा मला त्या दिवशी फार राग आला, कारण ते शब्द मोडणार याची मला खात्री होती.

मग तो मासा सापडला. धरणाच्या वरच्या अंगाला, खडकातल्या एका डोहात. वीतभर लांब, कल्ल्यामागे काळा डाग, शेपटीच्या कडेला विटकरी रंग. असा मासा कुठल्याच पुस्तकात नव्हता. एकच सापडला, पुन्हा पुन्हा जाळं टाकूनही दुसरा आला नाही. परत येताना माशाची बादली ताईच्या मांडीवर होती आणि प्रत्येक वळणावर पाणी तिच्या साडीवर सांडत होतं. भावोजी गाडी चालवत भाषणाची तयारी करत होते.

असा मासा हाती आल्यावर काय करायचं, हे आमच्या कामातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. फोटो डाव्या अंगाचा काढायचा, माशाचं तोंड डावीकडे. उजव्या अंगाचा नखाएवढा तुकडा कापून आधी अल्कोहोलमध्ये ठेवायचा, तो जनुकांसाठी. मगच मासा फॉर्मालिनच्या बरणीत घालायचा. फॉर्मालिनमध्ये मासा टिकतो, पण त्यातली जनुकं वाचण्याजोगी राहत नाहीत. जगभर असंच करतात, म्हणून तर सगळ्या पुस्तकांतले मासे एकाच दिशेला बघत असतात.

भावोजींना ही रीत मान्य नव्हती. त्यांना बरणी संस्थेच्या दर्शनी हॉलमध्ये ठेवायची होती, सगळीकडून काच असलेली. "लोक चारी बाजूंनी बघणार. उजवीकडे भोक दिसलं तर कसं दिसेल?"

"जनुकं वाचायचीत ना पण?" मी विचारलं.

"तू यंत्राचं बघ. मासा माझ्यावर सोड."

त्या दिवशी मोठे साहेब, म्हणजे आमचे संचालक, मासा बघायला आले. साहेबांच्या पुढेपुढे करताना भावोजींच्या अंगात काय संचारतं ते बघवत नाही. त्यांनी टाकीत एक बोटभर चंदेरी मासळी सोडली, कुठल्याही डबक्यात मिळते तसली. आमच्या माशाने झडप घालून ती गिळली. साहेबांनी टाळी वाजवली. भावोजींनी आणखी एक सोडली. मग आणखी एक, साहेबांना मोबाइलवर घ्यायचं होतं म्हणून. माशाचं पोट तट्ट फुगलं. साहेब निघाले तसा भावोजींनी गुंगीचं औषध घालून मासा निजवला, पुन्हा उठू न देण्याच्या बेताने, आणि एक लांब चिमटा त्याच्या तोंडातून आत घालून घशाचा म्हणून एक लिबलिबीत गोळा बाहेर काढला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. लगेच मासा फॉर्मालिनमध्ये. मला गोळ्याची कुपी देताना ते असे हसले, जणू जगातले बाकी सगळे मत्स्यशास्त्रज्ञ मूर्ख होते.

माझं काम मी केलं. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांच्याकडे स्वतःच्या जनुकांचा एक छोटा गोल असतो, माशांमध्ये साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काडीचा वाटा नसतो. भावोजींना हेसुद्धा खटकायचं. "वैज्ञानिकदृष्ट्या सोयीचं आहे, एवढंच," म्हणायचे. हा गोल पूर्ण वाचला की मासा कोणाच्या घराण्यातला ते ठरवता येतं.

यंत्रातून तुकडे बाहेर आले, संगणकाने ते एकमेकांना जोडले, गोल छान पूर्ण झाला. मधूनमधून भलत्याच कुठल्यातरी माशाचे थोडे तुकडे दिसत होते. भावोजींनी एक नजर टाकून फर्मान काढलं, "कचरा आहे तो. काढून टाक."

"मिळालेला गोल सगळ्या माशांशी ताडून बघू?"

"कशाला? आपण काय पकडलंय ते मला माहीत आहे. फक्त त्याच्या भाऊबंदांशी ताड."

त्या भाऊबंदांशी तो अजिबात जुळला नाही. इतका वेगळा होता की भावोजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नुसती नवी जात नव्हे, नवं कुळच. हॉलमध्ये बरणी आली, बरणीवर दिवा आला, वर्तमानपत्रवाले आले. भावोजींनी बरणीशेजारी उभं राहून मान अशा कोनात धरली होती की फोटोत मासा लहान दिसावा.

त्या आनंदात मी जनुकपेढीत, म्हणजे जगभरचे लोक आपली अक्षरं जमा करतात तिथे, पाठवायची माहिती भरायला बसले. नावाच्या रकान्यासाठी भावोजींनी दिलेलं नाव वाचलं. त्यात साहेबांचं नाव होतं, लॅटिन शेपटासकट.

मी संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेले. मला काही बोलावंच लागलं नाही, माझा चेहरा बघून ताईने त्यांनाच विचारलं, "नाव काय ठेवलंत?"

भावोजींनी चष्मा पुसला. "हे बघ, व्यवहार समजून घे. घरच्या माणसाचं नाव ठेवलं की लोक हसतात. साहेबांचं ठेवलं की विभागाला चार गोष्टी मिळतात. तुझं मन मोठं आहे."

ताई म्हणाली, "बरं." मग बाथरूममध्ये जाऊन तिने टब घासायला घेतला. तो घासायची काहीच गरज नव्हती. ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि भावोजी मला वर्तमानपत्रातला फोटो दाखवत बसले.

जनुकपेढीचं उत्तर आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं, कारण भावोजींनी चारचौघांत वाचायला सांगितलं होतं. भाषा अगदी सभ्य होती. तुमच्या माशाची ओळख कृपया पुन्हा तपासावी. या गोलातला ओळखीसाठी वापरतात तो तुकडा डबक्यातल्या साध्या चंदेरी मासळीशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्या मासळीचा पूर्ण गोल आजवर कुणी वाचला नव्हता, तेव्हा तुमचं काम उपयोगी आहे. फक्त योग्य नावाखाली द्यावं.

खोलीत कुणीतरी खोकलं. भावोजींनी घसा म्हणून जे ओढून काढलं होतं ते साहेबांसाठी खाऊ घातलेलं जेवण होतं. आणि ज्या तुकड्यांना त्यांनी कचरा ठरवलं होतं तेच खऱ्या माशाचे होते. मी ते शोधून काढले, पण इतके तुटपुंजे निघाले की त्यावरून काहीच ठरेना. बरणीतल्या माशाला विचारायची सोय नव्हती. तो फॉर्मालिनमध्ये चारी बाजूंनी सुंदर दिसत होता. तो खरंच नवा होता का, हे आता दुसरा सापडेपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही. भावोजींचं पितळ उघडं पडल्याचं मला सुख वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण माझ्या डोळ्यांसमोर ताईची ती भिजलेली साडी येत राहिली.

साहेबांनी त्याच दिवशी निरोप धाडला, "या भानगडीतून माझं नाव काढा." हॉलमधला दिवा काढला गेला, मग बरणीही.

त्या संध्याकाळी मी ताईकडे होते. ती पेपर तपासत बसली होती. भावोजी आले, पाणी प्यायले, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. आवाजात उदारपणा काठोकाठ भरला होता.

"मी विचार केला. पुढच्या सुट्टीत पुन्हा त्या डोहावर जाऊ. दुसरा मासा मिळाला की तुझंच नाव देऊन टाकतो."

ताईने लाल पेन खाली ठेवलं. "साहेबांना नकोसं झालं म्हणून?"

"तसं नाही गं. शब्द दिला होता ना मी."

"मासा राहू द्या. द्यायचंच तर दारावर द्या."

भावोजी सवयीने बोलून गेले, "जागा कुठे आहे?"

ताई उठली. ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर घेतला, दार उघडलं आणि पाटीचे स्क्रू एकेक करून काढले. भावोजी म्हणत होते, "अगं, शेजारी बघतायत." शेजारी खरंच बघत होते. पाटीखाली दाराचा जुना, उन्हाने न विटलेला रंग दिसला. ताईने पाटी बाथरूममधल्या रिकाम्या टबात नेऊन ठेवली आणि परत येऊन उरलेले पेपर तपासले.

आता तिथे साधी लाकडी पाटी आहे. वर ताईचं नाव, खाली तिने मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. "तुमचं खाली लिहून घ्या," असं तिने त्यांना सांगितलंय. भावोजींचं नाव त्या जागेत आरामात बसतं. पण त्यांनी अजून ते लिहिलेलं नाही, कारण पदव्या मावत नाहीत.